बाईंचे नऊ अर्ज

आमच्या विक्री विभागात एक हिरवं लोखंडी कपाट होतं. दुपारच्या सुट्टीत पुरुष मंडळी कॅन्टीनला गेली की बाई आम्हा मुलींना त्या कपाटासमोर उभं करायच्या आणि म्हणायच्या, "हं. याला ड्रिल विक."

कपाट म्हणजे खरेदी अधिकारी. त्याला नमस्कार करायचा, कंपनीचं नाव सांगायचं, माल दाखवायचा आणि शेवटी न अडखळता ऑर्डर मागायची. बाई कपाटाच्या बाजूला उभ्या राहून त्याच्या वतीनं बोलायच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज घोगरा.

"तुमच्या कंपनीतले पुरुष संपले का?"

"घरी स्वयंपाक कोण करतं?"

"बसा ना, एवढी घाई कसली? चहा घ्या. ऑर्डरचं मग बघू."

हे शेवटचं वाक्य त्या इतक्या गोड आवाजात म्हणायच्या की माझ्या अंगावर काटा यायचा. फायली सांभाळणारी मुलगी एकदा रडायलाच लागली. बाईंनी तिला पाणी दिलं, तिचं पिऊन होईपर्यंत थांबल्या आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाल्या. "इथं ऐकून घे," म्हणाल्या. "टोमणा शिळा झाला की लागत नाही."

यातली गंमत अशी की आमच्यापैकी कोणालाही कंपनीनं कधी बाहेर विकायला पाठवलं नव्हतं. बाईंनाही नाही. चिंचवडच्या त्या ऑफिसात त्या पंधरा वर्षं पत्रव्यवहाराच्या टेबलावर होत्या. भोसरीपासून आकुर्डीपर्यंतचे कारखानदार त्यांचा आवाज ओळखत, चेहरा कोणी पाहिला नव्हता. नवा मुलगा प्रतिनिधी म्हणून लागला की त्याला सहा महिने बाई शिकवत, सातव्या महिन्यात तो बाईंना कामं सांगू लागे. प्रतिनिधी झाल्याशिवाय अधिकारी होता येत नसे, आणि बायकांना प्रतिनिधी करत नसत. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. लिहिलेला नियम निदान फाडता तरी येतो.

आमची कंपनी लोखंडाला भोकं पाडायची ड्रिल बनवायची. गिऱ्हाइकाकडे ड्रिल तुटलं की तक्रार येई, आणि बाई फोनवर सांगत, "तुटलेले तुकडे पाठवून द्या, फेकू नका." ते तुकडे त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात साठत. दुपारी त्या एकेक तुकडा उजेडात धरून त्याचा पंचनामा करायच्या. "हे घाईत मेलं." "याला कोणी तरी वाकडं धरलं होतं." "हे तहानेनं मेलं," म्हणजे मशीनवाल्यानं त्यावर पाणी सोडलं नव्हतं. मग त्या फोन उचलायच्या. चपला काढून, उभ्या राहून, तोंडात एक लवंग धरून. समोरच्याला त्या त्याच्याच मशीनचं दुखणं सांगायच्या आणि तो आणखी चार डझन ड्रिलं मागवायचा. ऑर्डरवर नाव त्या भागातल्या प्रतिनिधीचं पडायचं.

फोनवर बाईंची भाषा पुण्याच्या पेठेतली वाटावी अशी होती. त्या मोशीच्या, जुन्या शेतकरी घरातल्या. घाबरल्या की त्यांची मोशी बाहेर यायची, आणि घाबरायच्या तर त्या सारख्या. कुत्र्याला, ट्रकला, घरी आलेल्या तारेला. साहेबांची घंटा वाजली की टेबलाची कड घट्ट धरायच्या. मी नवी होते तेव्हा हे पाहून मला चीड यायची. एवढी हुशार बाई आणि एवढी भित्री!

माझं घर पिंपरीत, कामगारांच्या चाळीत. मी अक्षरं शिकले ती वडिलांनी कारखान्याच्या गेटवरून आणलेल्या पत्रकांवर. शाळेतल्या पुस्तकात कमळ आणि बदक होतं, पत्रकात अन्याय आणि एकजूट. मला दुसरी जोडी जास्त पाठ होती. अकरावीपासून मी स्वतः पत्रकं लिहू लागले, विहारासाठी, मोर्च्यांसाठी, भाड्याच्या प्रश्नासाठी. वडील वाचायचे, मान डोलवायचे आणि एकच ताकीद द्यायचे, "आपण जिथं खातो तिथल्यावर लिहू नकोस." एका पत्रकापायी ते सहा महिने घरी बसले होते. आणि मी नोकरीला लागले त्या वर्षी त्यांच्या कारखान्यात टाळेबंदी झाली. घर माझ्या टायपिस्टच्या पगारावर चाललं होतं. मी बेडर होते ती कागदावर. साहेबांनी हाक मारली तर माझेही तळवे ओले व्हायचे. फक्त मी ते कोणाला दिसू देत नव्हते.

दरवर्षी मार्चमध्ये बढत्यांचा हंगाम आला की बाई एक अर्ज करायच्या. माझी सेवा इतकी, माझा अनुभव इतका, तरी मला क्षेत्र प्रतिनिधीच्या जागेसाठी संधी द्यावी. नववा अर्ज मीच टाइप केला. बाईंनी सही केली, पाकीट बंद केलं, पदर नीट केला आणि त्या साहेबांच्या केबिनच्या बोळात शिरल्या. थोड्या वेळानं रिकाम्या हातानं परत आल्या. महिनाभर काहीच झालं नाही. मग दोन वर्षांपूर्वी बाईंकडेच शिकलेल्या एका मुलाला बढती मिळाली. त्यानं पेढे वाटले. बाईंनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि म्हणाल्या, "नवव्यांदा."

मला तेवढं पुरलं. त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत, दाराकडे पाठ आणि कान दाराकडे, अशी बसून मी ऑफिसच्याच टाइपरायटरवर पत्रकाचं स्टेन्सिल कापलं. पिंपरीतल्या एका मित्राकडे प्रती काढायचं सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. "नऊ अर्ज! नऊ नकार! ज्यांनी साहेब घडवले त्यांना दार बंद का?" खाली सही, "अन्यायग्रस्त महिला कर्मचारी." आम्ही ऑफिसात चौघी होतो आणि उरलेल्या तिघींना याचा पत्ता नव्हता. सकाळच्या शिफ्टला गेटवर पत्रकं वाटली ती मित्रानं. मी दहा मिनिटं उशिरा, दुसऱ्या दारानं आत आले.

दोन दिवसांनी साहेबांनी बाईंना बोलावलं आणि मला शॉर्टहँडची वही घेऊन.

टेबलावर काचेच्या वजनाखाली माझं पत्रक होतं. साहेब कधी ओरडत नसत. ते हळू बोलत, आणि ते फार वाईट होतं.

"बसा बाई. यात लिहिलंय की तुम्ही नऊ अर्ज केले आणि कंपनीनं नऊही नाकारले. मी इथं सात वर्षं आहे. माझ्याकडे एकही अर्ज आलेला नाही. आधीच्या साहेबांच्या फायली काल मी स्वतः काढून बघितल्या. तिथंही नाही."

माझ्या पेन्सिलचं टोक मोडलं.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी टेबलाची कड धरली होती. आणि मला कळलं. कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. केबिनच्या बोळातच बायकांच्या मोरीचं दार होतं. नऊ वर्षं बाई त्या बोळात शिरल्या होत्या आणि नऊ वर्षं पाकीट पदराखाली घेऊन परत आल्या होत्या.

"हे पत्रक खोटं आहे, असं दोन ओळी लिहून द्या," साहेब म्हणाले. "विषय संपेल. मी तुमच्यावर रागावलेलो नाही."

बाई उठल्या. "आले," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी वहीत रेघा मारत राहिले. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात नऊ पाकिटं होती. तुटक्या ड्रिलांच्या खणात तळाशी ठेवलेली, तेलाचे डाग पडलेली. त्यांनी ती टेबलावर ओळीनं मांडली.

"हे दिलेले न्हाईत, साहेब. आता देते."

"बाई, याला काय अर्थ आहे? या तारखा गेल्या."

"मग आता नाकारा. एकेक करून. कारण सांगा, ही लिहून घेईल."

त्यांचा आवाज कापत होता. भाषा मोशीची झाली होती, पण त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. साहेब हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी पहिलं पाकीट फोडलं.

"लिहा. अर्ज पहिला, नामंजूर. कारण, जागा नव्हती."

"व्हती. त्या जागेवर आलेल्या पोराला ड्रिलची धार कुठली न् दांडा कुठला, ते मी दाखवलं."

"दुसरा, नामंजूर. कारण, तेव्हा मी नव्हतो."

"तुमी नव्हता. खुर्ची व्हती."

"तिसरा. गिऱ्हाईक बाईशी व्यवहार करत नाही."

बाईंनी टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवलं.

चौथ्याला साहेब थांबले. मग म्हणाले, "रस्ता. ट्रक, आडबाजूची शेडं, वाटेत चिटपाखरू नसतं. तुम्हाला काही झालं तर जबाबदार कोण?"

"हे खरं हाय," बाई म्हणाल्या. "याची मला बी भीती वाटती. हे लिहून घे गं."

मी लिहिलं. साहेबांनी पाचवं पाकीट उचललं, पण फोडलं नाही. "यात वेगळं काय आहे?"

"काय न्हाई. तेच हाय. नवव्यातबी तेच हाय."

पंखा फिरत होता. साहेबांनी पाकीट खाली ठेवलं. "तीन महिने," ते म्हणाले. "चाकणचा रस्ता. तिथं जे नवं शेड झालंय, जिथून आपली दोन माणसं हात हलवत आली, तिथून ऑर्डर आणायची. आणलीत तर जागा तुमची." मग त्यांनी काचेचं वजन उचलून पत्रक माझ्यासमोर सरकवलं. "आणि याची चौकशी होणार. कंपनीवर खोटा आरोप आहे. हे तुम्हीच छापून घेतलंत असं निघालं, बाई, तर जागा विसरा. नोकरीचंही मग मला सांगता येणार नाही."

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. मी वही मिटली.

बाहेर जिन्यात बाईंनी मला थांबवलं. "तू लिहिलंस."

"तुम्हाला कोणी..."

"चौघी हाओत आपण. एकीचं तान्हं हाय, एकीचं लगीन ठरलंय, मी तर लिहिलं न्हाई. उरलं कोण?" त्या पायरीवर बसल्या. "दिला न्हाई तवर तो नाकारलेला नसतो, कळलं का? नाकारल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर येऊन कसं बसायचं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. त्यांचा दोष लई हाय. पर अर्ज दिला न्हाई, ती भीती माझी व्हती. ती तू त्यांच्या नावावर लिहून टाकलीस. मला न विचारता."

"मी सांगते साहेबांना," मी म्हणाले.

"सांग," बाई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर त्या "नको" म्हणतील याची मी वाट पाहत होते. साहेबांकडे मी गेले नाही.

चाकणला पहिल्या दिवशी त्या मला बरोबर घेऊन गेल्या, माल धरायला म्हणून. तेव्हा चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार, आणि रस्त्याकडेला दोन-चार नवी पत्र्याची शेडं. एसटी त्या शेडासमोर थांबली. बाई उठल्याच नाहीत. मी हात ओढला तरी खिडकीची दांडी धरून बसल्या. कंडक्टर ओरडला, "मावशी, उतरताय का गावाला चाललाय?" गाडी सुटली. पुढच्या थांब्यावर उतरून आम्ही कडेकडेनं मागं चालत आलो. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि बाई प्रत्येक ट्रकला डोळे मिटत होत्या.

कपाटासमोर आम्ही सगळे टोमणे शिळे करून ठेवले होते. इथं कोणी टोमणा मारलाच नाही. कोणी बघितलंच नाही. आम्ही दीड तास शेडाच्या दाराशी उभ्या होतो, माणसं आमच्या बाजूनं जात-येत होती. याची तालीम आम्ही केली नव्हती. माझा संताप भीतीत बुडाला. कोणाला सांगायचं, की आम्ही आहोत?

मग बाई चालत शेडाच्या बाजूला गेल्या. तिथं भंगाराचं पिंप होतं. त्या खाली बसल्या आणि त्यातून तुटकी ड्रिलं काढून जमिनीवर मांडू लागल्या.

"ओ मावशी!" आतून फोरमन धावत आला. "भंगारवाल्यांनी मागच्या दारानं यायचं. आणि हात नका लावू, उचलायला ठेकेदार येतो."

माझा चेहरा पेटला. बाईंनी मान वर केली नाही.

"ही सात तहानेनं मेलीत," त्या म्हणाल्या. त्यांची फोनवरची भाषा एकदम परत आली होती. "सातही एकाच मशीनवरची. तुमची पाण्याची नळी तुंबली आहे, नाही तर मशीनवाला ती बंद ठेवतो. ही दोन मात्र आमची असती तरी वाचली नसती. ती वाकडी धरली होती."

फोरमननं एक तुकडा उचलून बघितला. मग म्हणाला, "तुम्ही कोण?"

बाईंनी सांगितलं. आवाज कोरडा पडला होता, पण न अडखळता शेवटपर्यंत सांगितलं, आणि शेवटी ऑर्डर मागितली. नळी खरंच तुंबली होती. त्या दिवशी एक डझन ड्रिलं मिळाली, परीक्षेपुरती. दुसऱ्या महिन्यात मोठी ऑर्डर आली. बाई दर खेपेला घाबरत गेल्या. पण आता योग्य थांब्यावर उतरत होत्या.

ऑर्डर आली, तीन महिने संपले, आणि नेमणुकीचं पत्र निघेना. चौकशी अजून चालूच होती. गेटवरच्या वॉचमनला विचारलं, शिपायाला विचारलं, बाईंना तीनदा विचारलं.

"मी छापलं नाही."

"मग कोणी छापलं?"

"ज्यानं छापलं तो सांगेल."

प्रत्येक वेळी केबिनमधून बाहेर आल्यावर त्या माझ्याकडे न बघता स्वतःच्या टेबलाशी जात. चुकूनसुद्धा बघत नसत. त्यांनी एकदा रागानं पाहिलं असतं तरी मला सोपं गेलं असतं.

मी घरी एक नवं पत्रक लिहिलं आणि आठ दिवस उशीखाली ठेवलं. शेवटी वडिलांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"खाली नाव नाही."

"नाव घातलं तर पगार जाईल, दादा. मग घरात काय?"

त्यांनी पत्रक माझ्या हातात परत दिलं. त्यांच्या कारखान्याचं कुलूप अजून उघडलं नव्हतं. मग म्हणाले, "पहिल्या पत्रकावर नाव नव्हतं. तेव्हापासून पगार कोणाचा पणाला आहे?"

पुढचं आधीच सांगून टाकते. माझी नोकरी गेली. बाईंचं पत्र पंधरा दिवसांनी निघालं, ते टाइप करायला मी तिथं नव्हते. आज भोसरीपासून चाकणपर्यंतचा सगळा पट्टा त्यांच्याकडे आहे, हाताखाली तीन पुरुष प्रतिनिधी आणि एक मुलगी, आणि ऐकते की त्या चौघांनाही त्या कपाटासमोर उभं करतात. साहेबांच्या घंटेला त्या अजूनही दचकतात म्हणे. माझ्या घरी चूल पेटायला पुढं दोन-तीन महिने फार जड गेले. ते मी वीरश्रीनं सांगणार नाही. आम्ही घाबरलेलो होतो.

पण मला सांगायची आहे ती त्याआधीची सकाळ. आठ वाजून गेले होते, सकाळची शिफ्ट आत जायची होती. या वेळी मित्राला पाठवलं नव्हतं. मी स्वतः गेटवर उभी होते. हातातल्या पत्रकावर एवढंच होतं: "दुरुस्ती. मागच्या पत्रकात नऊ नकार असं छापलं होतं. ते चूक आहे. अर्ज दिलेलेच नव्हते. दिले तेव्हा चार नाकारले गेले, पाचव्याला तीन महिन्यांची परीक्षा मिळाली, उरलेले चार कोणी उघडले नाहीत. परीक्षा पार पडली आहे, पत्र निघालेलं नाही. दोन्ही पत्रकं मी लिहिली. संबंधित बाईंना त्यांची कल्पना नव्हती." खाली माझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

माणसं येत होती आणि बाजूनं जात होती. कोणी घेत नव्हतं. वॉचमन आत फोन करायला गेला. पत्रकांचा गठ्ठा मी पोटाशी धरला होता आणि मला जाणवलं की मी तो लपवते आहे.

मोशीच्या बसमधून बाई उतरल्या. त्यांनी माझ्यासमोर हात पुढं केला, एक पत्रक घेतलं, चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. नाव वाचलं. घडी घातली.

"भीती वाटती?"

"हो."

"वाटू दे. हात वर धर," बाई म्हणाल्या, "आणि माणसाच्या डोळ्यात बघ. पोटाशी धरलेला माल कोणी घेत नसतं."

त्या आत गेल्या नाहीत. माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, पदर खांद्यावर ओढून, हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून, आणि भोंगा होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.